मायची उतरलेली सूज

मायच्या हातांची सूज उतरली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र शंका आली.

मी त्या वेळी गारखेड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसाच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, नस शोधायची, रक्त काढायचं, हे माझं रोजचं काम. अशा कामात शंकेखोरपणा अंगात मुरतो. "काहीच खाल्लं नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यानं येताना चहात खारी बुडवून खाल्लेली असते. "गोळ्या नियमित घेतो" म्हणणाऱ्याची साखर काही वेगळंच सांगते. माणूस खोटं बोलेल, रक्त खोटं बोलणार नाही, असं मी मानायला लागले होते. नवरा म्हणायचा, ही सवय लॅबमध्येच ठेवून येत जा. ते मला कधी जमलं नाही.

माय म्हणजे माझी आई. आमची माणसं मेंढरं राखणारी. गाव देवगाव रंगारीच्या जवळ, फाट्यावरून आत. मायचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. वडील वारले आणि पाठोपाठ दुष्काळाची सालं सुरू झाली. पहिल्या साली चारा विकत आणला, दुसऱ्या साली विकतचाही मिळेना. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, कळप विकून टाकला आणि मायला शहरात आणलं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. दादा वाळूजला एका कंपनीत कामाला होता आणि सातारा परिसरात प्लॉट घेऊन त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या. तिकडं जिथं बघावं तिथं नवीन बिल्डिंग उभी राहत होती आणि पाणी कुठंच नव्हतं. एकानं बोअर घ्यावं, ते कोरडं निघावं, मग शेजाऱ्यानं त्याहून खोल घ्यावं. सगळी वस्ती टँकरवर जगत होती.

मायची बोटं गावाकडं असतानाच सुजायला लागली होती. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. शहरात आल्यावर मनगटं आणि गुडघेही धरले. मी तिला एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासण्या करून सांगितलं, हा नुसता वयाचा वात नाही; शरीर आपल्याच सांध्यांवर उठलंय, म्हणून आत सूज धरते. औषध महिनोन् महिने घ्यावं लागेल, गुण सावकाश येईल. मायनं ते औषध थोडे दिवस घेतलं आणि मळमळतं म्हणून सोडून दिलं. मी रागावले की ती म्हणायची, "घेते ना बाई." पुढच्या वेळी जावं तर गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी भरलेली.

दादाची बायको, माझी वहिनी, गंगापूरकडची. ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, बारावी झालेली, बोलायला माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. त्या वर्षी दादाच्या कंपनीतलं काम कमी झालं, ओव्हरटाइम बंद झाला, आणि वहिनीनं एका मैत्रिणीच्या नादानं एक पावडर विकायला घेतली. पांढरट रंगाची, चवीला आंबट, डब्यात मिळणारी. डब्यावर द्राक्षांचं आणि आवळ्याचं चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत 'अँटीऑक्सिडंट'. मायच्या तोंडात तो शब्द बसायचा नाही. ती 'आंटीची पावडर' म्हणायची. पुढं सगळी गल्ली तेच म्हणायला लागली.

मध्ये लॅबमध्ये माणसं कमी होती, त्यामुळं काही आठवडे माझं दादाकडं जाणं झालं नाही. एका गुरुवारी दुपारी गेले तर पुढची खोली बायांनी भरलेली. पावडरीसाठी दर गुरुवारी त्या जमायला लागल्या होत्या. वहिनी मध्ये उभी राहून समजावत होती.

"लोखंड उघड्यावर पडलं की गंजतं का नाय? तसं आपलं अंग आतून गंजतं. गंज चढला की सूज येते, सूज आली की दुखतं. ही पावडर गंज काढते."

तिनं काचेच्या ग्लासात पाणी घेतलं. त्यात जखमेवर लावायच्या तांबड्या औषधाचे थेंब टाकले. पाणी काळपट तांबडं झालं. मग चमचाभर पावडर टाकून ढवळली, तर पाणी बघता बघता नितळ झालं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

मला राहवलं नाही. मी आत जाऊन अर्धं लिंबू आणलं, दुसऱ्या ग्लासात तेच थेंब टाकले आणि लिंबू पिळलं. तेही पाणी नितळ झालं.

मी म्हटलं, "हे लिंबानंही होतं. त्या औषधात आयोडीन असतं, व्हिटॅमिन सी पडलं की त्याचा रंग जातो. ग्लासातला रंग गेला म्हणून सांध्यातली सूज जाते असं नाही."

मग कोपऱ्यातली एक जाड बाई शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "नणंद हाय ना ती. भावजईचं बरं चाललेलं कुणाला बघवतं?"

वहिनी चिडली नाही. हसून म्हणाली, "आमच्या ताई लॅबमध्ये असतात, त्यांना सगळीकडं रोगच दिसतो. माझं नका ऐकू. आमच्या आत्याबाईंचे हात बघा."

माय भिंतीला टेकून बसली होती. तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटं मोकळी दिसत होती, मनगटावरचा फुगवटा गेला होता. तिनं मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. बाया सरकून जवळ आल्या. एकीनं मायचा हात आपल्या हातात घेऊन दाबून बघितला. माय हसत होती. इतकी मोकळी हसताना मी तिला शहरात आल्यापासून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान घेऊन गेले आणि मायचं रक्त काढलं. सूज किती आहे ते दाखवणारी तपासणी केली, तर आकडा खरोखरच खाली आलेला. डॉक्टरांचं औषध घेतलेलं नाही, आणि महिनोन् महिने लागतील म्हणून सांगितलेला गुण आंबट भुकटीनं आलाय. माझ्या मनाला ते पटेना. मी उपाशीपोटीची साखरही बघितली. ती वाढली होती. मायला साखरेचा त्रास कधीच नव्हता.

आमच्या लॅबमध्ये अशी माणसं यायची. कुणी कुठली भुकटी खाऊन आलेला असायचा. गुडघे जादूनं बरे झालेले, चेहरा मात्र गोल गरगरीत आणि साखर चढलेली. अशा भुकटीत कधी कधी चोरून स्टिरॉइड मिसळतात, असं आमचे डॉक्टर सांगायचे. मी मायचा चेहरा आठवायला लागले. गाल भरले होते. दादा म्हणायचा, मायला शहर मानवलं. मला आता वेगळंच दिसायला लागलं.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा टँकर आलेला होता आणि वहिनी ड्रमात पाईप धरून उभी होती. मी तिथंच विषय काढला.

"वहिनी, त्या पावडरीत काय काय असतं?"

"डब्यावर लिहिलंय की."

"डब्यावर न लिहिलेलं काही असतं का, ते विचारतेय."

तिनं पाईप एका ड्रमातून दुसऱ्यात टाकला. "ताई, काय ते सरळ बोला."

"त्यात स्टिरॉइड असावं असं मला वाटतं. मायची साखर वाढलीय."

"म्हणजे मी आत्याबाईंना विष घालते."

"तुम्ही नाही. बनवणारे घालत असतील."

"मीपण रोज तीच खाते. माझं तोंड सुजलंय का बघा." तिनं तोंड माझ्यापुढं केलं. सुजलं नव्हतं. मग ती थंडपणे म्हणाली, "आजपासून आत्याबाईंची पावडर बंद. मग तर झालं?"

आणि तिनं खरंच बंद केली. दादानंही सांगितलं, डबा कपाटावर ठेवलाय. मी वाट बघत राहिले. सूज परत आली नाही. मायचे हात तसेच मोकळे, गाल तसेच भरलेले.

खरं तर इथं मी माझी शंका सोडायला हवी होती. पण ती पावडरीवरून उठली आणि वहिनीवर जाऊन बसली. गुरुवारी बायांना दाखवायला मायचे हात हवेत, म्हणून वहिनी लपून पावडर देतच असणार, असं मी धरून चालले. जेवताना मायच्या ताकाचा वास घ्यायचे. चहाच्या कपाच्या तळाशी काही बसलंय का बघायचे. वहिनीला ते कळत होतं. तीही माझ्या पर्सकडं बघायची, मी आणखी काय तपासायला आणलंय म्हणून.

माय मात्र दर महिन्याला एसटीनं गावाकडं जायची. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, तिथंच होती. मी एकदा विचारलं, "तिथं प्यायला पाणी नाय, मेंढरं नायत, काय करतीस जाऊन?"

"बहीण हाय माझी," माय म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

उन्हाळा चढला तसं मी ठरवलं, मायला आपल्या घरी न्यायचं. वहिनीच्या हाताखालून काढलं की खरं काय ते दिसेल. दादाला सांगितलं, आमच्याकडं नळाला पाणी येतं, ऊन कमी होईपर्यंत राहू दे. मायची पिशवी मीच घाईघाईनं भरली. ती म्हणाली, "माझी पेटी घेऊ दे." मी म्हटलं, "पेटी कशाला? लुगडी घेतलीत मी." ती आणखी काही बोलणार होती, पण दादानं रिक्षा थांबवून ठेवली होती. त्या महिन्यात गावाकडंही तिला मी जाऊ दिलं नाही. ऊन फार आहे म्हटलं.

माझ्याकडं आल्यावर सुरुवातीला ती ठीक होती. मग बोटं पुन्हा सुजली, आधीपेक्षा जास्त. जेवण कमी झालं. दिवसभर पडून राहायची, विचारलं की "अंगात जीव नाय" एवढंच बोलायची. मला वाटलं, सापडलं. पावडर बंद झाली म्हणूनच हे होतंय. एका सकाळी न्हाणीकडं जाताना ती खाली बसली आणि आडवी झाली. उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. ब्लड प्रेशर बघितलं तर खूप खाली गेलेलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिला जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी मायला तपासलं, तिचा चेहरा बघितला, हातांवरची पातळ झालेली कातडी बघितली आणि मला विचारलं, "या काही घेत होत्या का, जे अचानक बंद केलंय?"

"एक पावडर," मी म्हटलं. "अँटीऑक्सिडंट म्हणून विकतात. माझा संशय आहे की त्यात स्टिरॉइड असतं."

त्यांनी लगेच इंजेक्शन आणि सलाईन सुरू केलं. म्हणाल्या, स्टिरॉइड बरेच दिवस पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. मग बाहेरचं एकदम तोडलं की माणूस असा कोसळतो. वेळेवर आणलंत.

दादा आणि वहिनी धावत आले. वहिनीच्या हातात पावडरीचा डबा होता, दादानं फोनवर आणायला सांगितलेला. पॅसेजमध्ये बाकांवर लोक बसलेले होते. मी आवाज खाली ठेवला, पण बोलायचं ते बोलले.

"आता तरी सांगा वहिनी. बंद केली म्हणून सांगून देत होता ना? बायांना दाखवायला?"

वहिनी सरळ डॉक्टर बाईंच्या टेबलाशी गेली आणि डबा त्यांच्यापुढं ठेवला. "मॅडम, कुठं पाठवायचं तिथं पाठवा. तपासा."

डॉक्टरांनी डबा उचलून वाचला आणि बाजूला ठेवला. "हे पाठवता येईल. पण आधी आजींना कुणी विचारलं का, त्या काय घेत होत्या?"

आम्हा तिघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

दुपारी माय जरा शुद्धीवर आली. डॉक्टर बाईंनी तिच्या कानाशी वाकून विचारलं. मायनं आधी छताकडं बघितलं, मग वहिनीकडं.

"पावडरीचा काय दोष नाय," ती म्हणाली. "मी गोळ्या खात व्हते. बाजारच्या गावात एक डाक्टर बसतो, कागदाच्या पुडीत देतो. एक पांढरी, एक पिवळी. माझी बहीण खाते, तिनं मला नेलं."

"कुठं ठेवायची?" दादानं विचारलं.

"पेटीत. लुगड्याच्या घडीत."

दादा पेटी आणायला गेला. मी मायजवळ बसले. "माय, मला सांगायचं ना."

"पयल्यांदा दुखणं सोसंना म्हणून घेतल्या. हात मोकळा झाला, तर सुनेला वाटलं तिच्या पावडरीनं झाला. तिनं दोघी बायांना दावला, त्यांनी आणखी चौघी आणल्या. मग कशी सांगू?" ती थांबून थांबून बोलत होती. "गावाकडून आल्यापास्नं मी नुसती बसून व्हते बघ. टँकर आला तर हंडा उचलंना, भाकर थापाया येईना. गुरवारी बाया येत व्हत्या, हात हातात घेत व्हत्या. म्हणलं, हातानं काम व्हत नाय, पण घराच्या कामी लागतंय काय तरी."

"आणि मला? मी तर रक्त काढून बघत होते."

"तू येती ती सुई घेऊनच," माय म्हणाली. रागानं नव्हे, जसं आहे तसं सांगितल्यासारखं.

वहिनी खिडकीकडं तोंड करून उभी होती. वळून म्हणाली, "आत्याबाई, एकदा म्हणायचं तरी." मग बाहेर जाऊन तिनं मायसाठी नारळपाणी आणलं आणि चमच्यानं पाजत बसली. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

दादानं पेटीतून आणलेल्या पुड्या डॉक्टरांनी बघितल्या. म्हणाल्या, तब्येतीवरून यात स्टिरॉइड असणारच. आता ते आपण देऊ, पण मोजून आणि हळूहळू कमी करत, आणि त्याच्याबरोबर आजाराचं खरं औषध. मळमळ झाली तर मला सांगा, आपल्या मनानं सोडू नका. पावडरीचं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, आवळा खा, द्राक्षं खा, हळद घाला भाजीत, कोण नको म्हणतंय? पण हा आजार डब्यातल्या पावडरीनं थांबेल, असं मी सांगणार नाही.

मायला दादाच्या घरी सोडल्यावर, पुढच्या गुरुवारी बाया जमल्या. वहिनीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिनं उभं राहून सगळं सांगितलं. आत्याबाईंचा हात पावडरीनं मोकळा झाला नव्हता, त्या दुसऱ्या गोळ्या खात होत्या, त्यानं त्या मरता मरता वाचल्या. मला वाटलं, आता बाया भांडतील, डबे परत करतील. तसं काही झालं नाही. एक म्हणाली, मला तर पावडरीनं फरक पडलाय, मी घेणार. ती कोपऱ्यातली जाड बाई माझ्याकडं बघत वहिनीला म्हणाली, "कुणी शिकवलं तुला हे बोलायला?" आणि एक म्हातारी, जिचे गुडघे मायपेक्षा वाईट होते, सगळ्या उठल्यावर मागं थांबली. मायजवळ सरकून हळूच म्हणाली, "त्या डाक्टरचा पत्ता द्या की."

"मेले असते मी," माय म्हणाली.

"व्हय, पण हात तर मोकळा झाला व्हता ना?"

मायनं पत्ता दिला नाही. म्हातारीनं तो दुसरीकडून मिळवला असेल का, हे मला माहीत नाही. मिळवला असावा.

मायच्या गोळ्या कमी करायला बरेच महिने लागले. मध्ये सूज परत आली, ती रडली, पुडी आणून द्या म्हणाली. दादानं गावाकडं जाऊन मावशीलाही शहरात आणून डॉक्टरांना दाखवलं. हळूहळू खऱ्या औषधाचा गुण यायला लागला. मूठ पूर्ण वळत नाही, पण लहान भाकरी थापता येते. वहिनीनं पुढं पावडर सोडली आणि बीड बायपासजवळ एका बिल्डरच्या साइट ऑफिसात नोकरी धरली. आता ती लोकांना फ्लॅट दाखवते आणि इथल्या बोअरला बारा महिने पाणी असतं असं सांगते. मी एकदा विचारलं, असतं का खरंच? ती म्हणाली, "ताई, तुम्ही फ्लॅट घेताय का?"

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून गेली नाही. मायची लुगडी वहिनीच धुवायची, तीच घड्या घालून पेटीत ठेवायची. इतक्या महिन्यांत एकदाही पुडी हाताला लागली नसेल? मायला विचारलं तर ती म्हणते, सुनेला काय ठाव नव्हतं. वहिनीला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं नाही म्हटलं असतं, आणि मी विश्वास ठेवला नसता.

आता घरात सगळ्यात शंकेखोर माय झालीय. परवा मी तिच्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या नेल्या. तिनं पट्टी उलटसुलट करून बघितली.

"डाक्टरनं सांगितल्या का तुझ्या मनाच्या?"

"डॉक्टरांनी."

"चिठ्ठी दाव."

मी चिठ्ठी दिली. तिला वाचता येत नाही. तरी तिनं ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ न्याहाळली. मग आत हाक मारून वहिनीला बोलावलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. "बघ गं," ती म्हणाली, "ही म्हणती तेच लिवलंय का?"